तलाव सजवा, पण उथळ काठ सोडा

महोदय,

थंडीत नवेगावबांधच्या तलावावर पक्षी पाहायला येणाऱ्यांची गर्दी वाढते आहे, हे चांगलेच आहे. परवा आम्हीही घरच्या पोरांना घेऊन गेलो. बाग, झोपाळे, फोटोच्या जागा अशा बाजूला माणसे भरपूर, पक्षी जवळपास नाहीतच. ते होते उथळ टोकाला, पाणी हटून गाळ उघडा पडतो तिथे. तलवार बदके आणि थापट्या पाण्यात चोच घालून चरत होत्या. ही बदके सहसा बुडी मारत नाहीत. मान पोहोचेल तेवढ्याच पाण्यात त्यांचे पोट भरते. आपला सारसही घरटे रचतो ते उथळ पाण्यातच, आणि महाराष्ट्रात तो उरलाय मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यात.

सौंदर्यीकरणात नेमका हाच काठ जातो. आमच्या भागातल्या एका गावतलावाला चारही अंगांनी दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचे अस्तर, झाले, वर पेव्हर ब्लॉक, दिवे. खोलीकरण असे की काठावरून पाय घसरला तर थेट गळ्याइतके पाणी. तलाव तुडुंब दिसतो, पण हिवाळ्यात पाणकावळ्यांशिवाय तिथे फारसे काही उतरत नाही.

कोहळी समाजाच्या पूर्वजांनी आपल्याकडचे हे जुने मालगुजारी तलाव (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यात असलेले) बांधले तेव्हा पाळ, म्हणजे मातीचा बांध, घातली ती उताराच्या अंगाला. वरचे अंग शेताशिवारात हळूहळू मिसळू दिले. पाणी उतरले की तिथे ओल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, व्हायची, गुरे चरायची. अनेक देशी मासेही अंडी घालतात ती अशाच गवताळ उथळ पाण्यात, हे मासेमारी करणारा कुणीही ढीवर सांगेल.

कायद्याचाही आधार तोकडा आहे. २०१७च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. मालगुजारी तलाव तर सिंचनासाठीच बांधलेले! त्यांचा काठ वाचवायचा तो ग्रामसभेने आणि जिल्हा प्रशासनानेच.

मागणी साधी आहे. पिचिंग पाळीपुरते ठेवा, गाळ पाळीजवळचा काढा, वरच्या अंगाचा उतार मोडू नका. काठावर माजलेली बेशरमाची झुडपे उपटायला मात्र खुशाल निधी द्या. आणि आराखड्यावर सही करण्याआधी साहेबांनी जानेवारीत एकदा ढिवराच्या डोंग्यातून तलावाला फेरी मारावी. कंत्राटदारालाही सोबत घ्यावे.

— एक वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया