गॅस डिस्चार्ज ट्यूबचा सदोष संच आणि त्याहून सदोष माहितीपुस्तिका

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरी बनवायच्या निऑन ट्यूबच्या संचाबाबत दुसरी तक्रार

महोदय,

आपल्या संचातल्या काचेच्या नळीत इलेक्ट्रोडची तार जिथे बसवली आहे त्या जोडाला तडा गेला, अशी माझी पहिली तक्रार होती. तिला आपलं दोन ओळींचं उत्तर आलं : तडा ग्राहकाच्या हाताळणीमुळे गेला, सबब तो वॉरंटीत बसत नाही. हे मला मान्य नाही. आपल्याकडे काचेचं काम कळणारं कुणी असेल, तर हे पत्र कृपया त्यांच्या टेबलावर ठेवावं.

खोक्यावर ‘बोरोसिलिकेट काच (म्हणजे उष्णता सोसणारी काच), टंगस्टन इलेक्ट्रोड’ असं ठळक छापलंय. टंगस्टन खरं आहे, काच नाही. गॅस भरायच्या बाजूच्या नळीचं कापलेलं टोक उजेडात धरलं की हिरवट झाक दिसते, आणि ज्योतीत ती फारच लवकर मऊ पडते. ही साधी सोडा-लाइम काच आहे. तापमान एक अंशाने उतरलं की ती दहा लाखांत सुमारे ९ भाग आकसते. टंगस्टन आकसतं सुमारे ४.५ भाग. दोघांचं आकसणं जुळलं नाही की जोड थंड होताना काचेवर ताण येऊन ती चिरते. बोरोसिलिकेटचा आकडा ३.३ च्या आसपास असल्याने बारीक टंगस्टन तार तिच्यात निभावून जाते. सोडा-लाइममध्ये जोड द्यायचा तर ड्युमेट तार लागते. लोखंड-निकेलच्या गाभ्यावर तांब्याचा थर असलेली ही तार बल्बवाले कित्येक वर्षं वापरत आले आहेत. आपण काच बदललीत, तार मात्र तीच ठेवलीत. आणि दोन्ही टोकांचे हे जोड आपल्याच कारखान्यात बसवून आलेले आहेत, माझा हात तिथे लागलेलाच नाही.

भिंगाखाली तारेच्या मुळाशी चंद्रकोरीसारख्या बारीक चिरा दिसतात. त्या धातूपासून सुरू होऊन बाहेर जातात आणि काचेच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायच्या आतच विरतात. नळी आपटली असती तर चीर बाहेरून आत आली असती. फोटो जोडले आहेत.

गॅसबद्दल तक्रार नाही. हवा काढून निऑन भरल्यावर नळी झकास नारिंगी-लाल पेटली, स्पेक्ट्रोस्कोपमध्ये (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणात) लाल-नारिंगी भागात निऑनच्या रेषांची दाटी होती. दुसऱ्या दिवशी तीच नळी गुलाबी-जांभळट, मरगळलेली. रेषांच्या जागी नायट्रोजनचे रुंद पट्टे. नळीत हवा शिरली, आणि ती त्या चिरांवाटेच तारेलगत शिरली, दुसरी वाट नाही.

आता पुस्तिका. ‘प्रकाश मंद वाटल्यास आणखी हवा काढावी व व्होल्टेज वाढवावे’, हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने स्वतः नळी पेटवलेली नसावी. अशा नळीत दाब काही मिलिमीटर पारा इतका हवा. त्याच्या खूप खाली गेलात की इलेक्ट्रॉनांना धडकायला पुरेसे अणूच उरत नाहीत. नळी पेटायला उलट जास्त व्होल्टेज लागतं. ते आपल्या संचातल्या सप्लायमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) मिळतंही, खोक्यावर १५ किलोव्होल्ट लिहिलंय. मग सुसाट इलेक्ट्रॉन थेट धातूवर किंवा काचेवर आदळतात आणि क्ष-किरण निघू लागतात. राँटगेनला १८९५ साली ते अशाच हवा काढलेल्या नळीशी खेळताना सापडले होते. पंधरा किलोव्होल्टला त्यातले बहुतेक काचेतच अडतील हे मला ठाऊक आहे, पण पुस्तिकेत व्होल्टेज कुठे थांबवायचं याचा उल्लेखच नाही.

शिवाय सर्किटच्या आकृतीत नळीच्या पुढे प्रवाह रोखणारा रेझिस्टर काढलाय, खोक्यात तो नाही. एकदा गॅस पेटला की त्याचा विरोध कोसळतो आणि बाहेरून आवर घातला नाही तर प्रवाह वाढतच जातो. शांत चमकेचा आर्क, म्हणजे विजेचा प्रखर झोत होतो, इलेक्ट्रोड वितळतो. पाटीवाल्यांचे निऑन ट्रान्सफॉर्मर मुळातच प्रवाह रोखतील असे घडवलेले असतात. आपला सप्लाय तसला नाही, त्यात वीज साठवणारा कपॅसिटर आहे. बंद केल्यानंतरही त्यात जीवघेणा चार्ज राहू शकतो, आणि तो उतरवायला ब्लीडर रेझिस्टरही दिलेला नाही. मी स्वतःचे दोन्ही रेझिस्टर लावले म्हणून निभावलं. पुस्तिकेवर ‘१४ वर्षांवरील मुलांसाठी’ असं छापलेलं वाचून माझा संताप झाला.

मला पूर्ण रक्कम परत हवी. बदली नळी नको, कारण तीही याच काचेची असेल. ज्यांनी हा संच घेतलाय त्या सगळ्यांना रेझिस्टर, ब्लीडर आणि दुरुस्त केलेली पुस्तिका पाठवावी, आणि तोवर विक्री थांबवावी. नळी मी जपून ठेवली आहे, तपासणीसाठी पाठवायला तयार आहे. उत्तर लेखी द्यावं, आणि या वेळी ते नळीच्या जोडाबद्दल असावं.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, जोडाचे फोटो, दोन्ही दिवसांचे स्पेक्ट्रमचे फोटो