‘पोट भरलेल्यांचे चोचले’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरण दिनाच्या पुरवणीतला चळवळीच्या इतिहासावरचा लेख वाचला. सोबत अमेरिकेतल्या कायाहोगा नदीला लागलेल्या आगीचे छायाचित्र आहे आणि खाली ओळ आहे, ‘जून १९६९’. ते छायाचित्र १९५२ च्या आगीचे आहे. ही चूक आपली एकट्याची नव्हे. ‘टाइम’ साप्ताहिकानेही १९६९ च्या ऑगस्टमध्ये आगीच्या बातमीसोबत हेच जुने छायाचित्र छापले होते. १९६९ ची आग अर्ध्या तासाच्या आत विझली होती, छायाचित्रकारांना काही मिळालेच नाही. क्लीव्हलंडमधून वाहणारी ही नदी तेलाच्या तवंगामुळे एकोणिसाव्या शतकापासून अनेकदा पेटली. त्यातली १९५२ ची आग कितीतरी मोठी होती, पण तेव्हा देशभर कुणी हूं की चूं केले नाही. कारखाने चालायचे तर नदी अशी असायचीच, असे सगळ्यांनी धरून टाकले होते.

छायाचित्राचे एक असो. खटकले ते लेखातले विधान, की पर्यावरणाचा विचार हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत आणि ते १९७० च्या वसुंधरा दिनापासून सुरू झाले. त्या वर्षी २२ एप्रिलला सुमारे दोन कोटी अमेरिकन लोक रस्त्यावर उतरले, हे खरेच. पण त्याच्या कितीतरी आधी ज्यांचे पोट मारले जात होते, ते ओरडत होते.

जपानमध्ये आशिओच्या तांब्याच्या खाणीतले विषारी पाणी वातारासे नदीत उतरले आणि काठची भातशेती नासली. तिथले लोकप्रतिनिधी तानाका शोझो यांनी संसदेत दहा वर्षे घसा कोरडा केला. शेवटी राजीनामा दिला आणि डिसेंबर १९०१ मध्ये हातात अर्ज घेऊन थेट सम्राटाच्या गाडीकडे धावले. पोलिसांनी त्यांना वेड्यात काढून सोडून दिले.

जपानमधल्याच मिनामाता या समुद्रकाठच्या गावाची गोष्ट तर शाळेत शिकवायला हवी. तिथे आधी समुद्रातले मासे खाणारी मांजरे बिघडली. झटके येऊन गरगर फिरायची, समुद्रात पडायची. मग तेच मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांत माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली, ती रासायनिक कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा यांच्यामुळे. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला घातले. नोंदवहीत त्याचा क्रमांक ४००. काही आठवड्यांत त्यालाही तेच झटके आले. कंपनीने हा निष्कर्ष दाबून ठेवला आणि वर्षअखेरीस रोग्यांच्या हातावर ‘सहानुभूतीचे पैसे’ टेकवले. करारात एक कलम होते: पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी नवी मागणी करायची नाही. पारा मिसळलेले पाणी त्यानंतरही १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिले. होसोकावांनी १९७० मध्ये मरणशय्येवरून साक्ष दिली आणि १९७३ मध्ये न्यायालयाने तो करार रद्दबातल ठरवला. यात चोचले कुणाचे होते, हे लेखकानेच सांगावे.

आपल्याकडचे चिपकोही लेखात दोन ओळींत उरकले आहे, तेही झाडांना मिठी मारणाऱ्या बायकांचे चित्र म्हणून. मूळ भांडण अवजारांचे होते. नांगर-जू करायला लागणारी अंगूची झाडे वनखात्याने गावकऱ्यांना नाकारली आणि तीच झाडे खेळाचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीला दिली. त्यावरून १९७३ मध्ये मंडल गावात ठिणगी पडली. पुढच्या मार्चमध्ये रेणी गावचे पुरुष नुकसानभरपाईच्या कामाला चमोलीला गेलेले पाहून ठेकेदाराची माणसे जंगलात शिरली, तेव्हा गौरादेवी आणि गावातल्या बायका आडव्या आल्या. जंगल हे त्यांचे माहेर, असे त्या सांगत. त्यात सरपण, चारा, पाणी सगळेच आले.

लेखकाचे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासात सुखवस्तू मंडळींचा हात मोठा आहे. १८७२ मध्ये येलोस्टोन राखीव झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरणाऱ्या आदिवासींना बाहेर काढले गेले. चोचले म्हणायचे तर त्याला म्हणता येईल. पण शोझो, मिनामाताचे कोळी आणि रेणीच्या बायका यांना त्याच पंगतीत बसवू नये.

ता. क. त्या छायाचित्राची ओळ आपल्या संग्रहात तरी दुरुस्त करून ठेवावी. पुढच्या जूनला ते पुन्हा निघेलच.

आपला,
एक जुना वाचक