पुडीत बांधलेल्या स्ट्रिप्स : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, पणजी.

सादर नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली एक गृहिणी. माझी मुलगी नववीत शिकते. तिला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज टोचून द्यावं लागतं. टाइप वनच्या मुलांना इन्सुलिनबरोबर साखर मोजायच्या स्ट्रिप्सही दर महिन्याला मिळतील, असं आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात सांगितलं होतं. आम्ही नाव नोंदवलं आणि वाट पाहिली. गेल्या सोमवारी खिडकीतून एक कागदाची पुडी बाहेर आली. आत सुट्या स्ट्रिप्स. डबी नाही, मुदत कधी संपते त्याचा पत्ता नाही. शिवाय त्या आमच्या ग्लुकोमीटरला, म्हणजे साखर मोजायच्या मशीनला, बसतच नाहीत, कारण मशीन मिळालं शिबिरात एका कंपनीचं आणि यंदा खरेदी झाली दुसऱ्या कंपनीची. तसं सांगितलं तर आतून उत्तर आलं, "मेळटा तें घे गे बाय, लोकांना विकत घ्यावं लागतं."

महोदय, त्या स्ट्रिपच्या टोकाला एन्झाइमचा थर असतो. रक्तातल्या साखरेची त्याच्याशी प्रक्रिया होते, बारीकसा वीजप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजतं. हवेतल्या ओलीने हा थर खराब होतो. म्हणून डबीला घट्ट झाकण असतं, आत ओल शोषणारा पदार्थ असतो आणि स्ट्रिप काढली की लगेच झाकण लावा असं वर छापलेलं असतं. आता सत्तरीतला पाऊस आठवा. आमच्याकडे या दिवसांत कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, मीठ बरणीत पाझरतं. अशा हवेत उघडी स्ट्रिप कागदात बांधून देतात! बंद डबीतली नवी कोरी स्ट्रिपसुद्धा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के वरखाली दाखवू शकते, तेवढं मानकात बसतं. ओल खाल्लेली स्ट्रिप काय दाखवेल ते देवालाच ठाऊक. आणि त्या आकड्यावर मी माझ्या मुलीला इन्सुलिन टोचायचं. साखर कमी असताना जास्त दिसली आणि मी डोस वाढवला, तर ती झोपेतच बेशुद्ध पडेल. त्याची जबाबदारी कोणाची, हे मला लेखी कळवा.

इन्सुलिन तुम्ही फुकट देता, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण मोजण्याचं साधन न देता इन्सुलिन देणं म्हणजे अमावास्येला दिव्याशिवाय चोर्ला घाट उतरायला लावणं. मुलांच्या मधुमेहाचे डॉक्टर दिवसातून सहा ते दहा वेळा मोजायला सांगतात. आम्ही पाचावर भागवतो : जेवणाआधी, निजताना आणि मध्यरात्री. मध्यरात्रीची सोडता येत नाही. घामाने तिची उशी भिजली की मी समजते, साखर ७०च्या खाली गेली. बोट टोचायचं, साखरपाणी पाजायचं, पंधरा मिनिटं तिच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि पुन्हा टोचायचं. सकाळी तिला बालरथ, शाळेची बस, पकडायचा असतो. ती शाळेत पोचेपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवत नाही. माझ्या झोपेचं मी मागत नाही काही. तिच्या बोटांचं मागते.

पाच वेळा म्हणजे महिन्याला दीडशे स्ट्रिप्स. पन्नासचा डबा चांगल्या कंपनीचा घेतला तर हजाराच्या आसपास. तुमच्या गृह आधार योजनेतून गृहिणींना महिन्याला दीड हजार येतात, ते दीड डब्यात संपतात. जीएसटी परिषदेने २०२५च्या सप्टेंबरात ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आणला. बरं केलं. पण महिन्याचे तीन डबे तीनच राहतात. दंडावर लावायचा सेन्सर असतो, सतत साखर दाखवतो, दोन आठवडे चालतो. त्याची किंमत ऐकून आम्ही दुकानातून परत आलो.

आरोग्य केंद्रात आणखी एक उत्तर तयार असतं. "तिचं एचबीएवनसी बरं आहे मगे, रोज मोजायला कशाला पाहिजे?" शिकलेली माणसं हे बोलतात याचा मला संताप येतो. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण साखर रक्तातल्या तांबड्या पेशीत चिकटून राहते आणि ती पेशी साधारण १२० दिवस जगते. एचबीएवनसी सात टक्के म्हणजे सरासरी साखर १५४. पण रात्री ५० आणि दुपारी ३०० असलेल्या मुलाची सरासरीही तिथेच येऊ शकते! अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वाढतो, आणि आमच्या गावात लोह कमी नसलेल्या किती मुली आहेत ते एकदा मोजून बघा. मोठ्या माणसांची तपासणी करताना तरी ही काळजी घेतात का?

तिचा आजार सापडला तेव्हाचंही सांगते, कारण ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मूल वाळत चाललं होतं, तांब्याने पाणी पीत होतं, रात्री लघवीला उठत होतं. मग उलट्या सुरू झाल्या. एका दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून औषध दिलं, दुसऱ्याने सलाईन लावलं. बोटावरचा एक थेंब कोणी तपासला नाही. मोठ्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसलं की तयार होणारी आम्लं, साठले होते आणि ती हाकेला ओ देत नव्हती. ज्या तपासणीला पाच सेकंद लागतात, ती न केल्यामुळे माझी मुलगी आयसीयूत गेली.

१४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन, आला की पंचायतीच्या हॉलमध्ये शिबिर भरतं. निळे फुगे, फलक, फोटो. रांगेतल्या प्रत्येकाचं बोट टोचतात. ज्याला साखर आहे हे वीस वर्षांपासून माहीत आहे, त्याचंही टोचतात, आणि आकडा चिठ्ठीवर लिहून घरी पाठवतात. पुढे काय? २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला आला : २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक, घरटी एक धरा. इतक्या घरांना रोज मोजायचं साधन देण्याची योजना कुठे आहे? दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, राज्याच्या आरोग्यविम्याचं, कार्ड आमच्याकडे आहे. हॉस्पिटलात भरती झालो तर अडीच लाख, कुटुंब मोठं असेल तर चार लाख. भरती होऊ नये म्हणून लागणाऱ्या स्ट्रिपला त्या कार्डावर एक रुपया नाही. किडनी गेली की सरकार डायलिसिसला उभं राहतं, ती जाऊ नये म्हणून कोणी उभं राहत नाही. त्याच नोव्हेंबरात पणजी इफ्फी चित्रपट महोत्सवासाठी उजळते. तेव्हा कोणी म्हणत नाही की यंदा निविदेत अडचण आली, दिवे पुढच्या महिन्यात लागतील. रस्ते असोत, नळाचं पाणी असो, आमच्या तालुक्याने नेहमी समजून घ्यायचं. खाणी बंद पडल्या तेव्हाही आम्हीच समजून घेतलं.

आता मागणं. स्ट्रिप्स बंद डबीत द्या, मुदतीच्या आतल्या द्या. कंपनी बदलली तर त्याच दिवशी त्या कंपनीचं मशीनही द्या. तहान, वजन घटणं, उलट्या घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाचं बोट तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, असा आदेश काढा, सरकारी आणि खाजगी दोघांनाही. सीबीएसईने २०१७मध्ये टाइप वनच्या मुलांना परीक्षेच्या वर्गात खाऊ आणि पाणी न्यायला परवानगी दिली. पुढच्या वर्षी माझी मुलगी दहावीला बसेल, तिच्या वर्गावरच्या पर्यवेक्षकाला मशीन म्हणजे मोबाईल वाटू नये एवढी व्यवस्था आतापासून करा.

अशी पत्रं 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' खालच्या खात्यात जातात, तिथून आणखी खाली. हे पाठवू नका. मला उत्तर तुमच्या सहीचं हवं आणि त्यात स्ट्रिप्स सुरू होण्याची तारीख हवी.

आपली,
टाइप वन मधुमेह असलेल्या मुलीची आई,
सत्तरी, गोवा