नगरसेविका ताईंना, त्यांच्या पत्रकाबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला मी तुमच्या घरीही येऊ शकलो असतो. पण ज्या गोष्टीसाठी ते मानायचे ती तुम्ही सगळ्यांसमोर केलीत, म्हणून हे पत्रही सगळ्यांसमोर लिहितो आहे. तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तुम्ही तो लपवला नाहीत. प्रभागाच्या पत्रकात, गटारांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या बातम्यांखाली, झटका कसा आला आणि त्या वेळी काय केलं ते सगळं छापलंत. त्या मजकुरामुळे माझे वडील वेळेत दवाखान्यात पोचले.

तुमचं पत्रक आमच्याकडे आई वाचते आणि मोठ्याने वाचते. वडिलांना पावसाचा रकाना आधी हवा असतो, मला रस्त्यांची कामं. तो अंक आला त्या दिवशी आईने आम्हा दोघांचंही ऐकलं नाही. तब्येतीचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि कागद घडी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तो अजून तिथेच आहे.

त्यात काय होतं ते इथे पुन्हा सांगतो, कारण तो अंक चाळून बाजूला ठेवणारेही असतील आणि त्यांच्या कानावर हे जायला हवं. सकाळी पर्जन्यमापकाची नोंद लिहायला तुम्ही बसलात आणि उजव्या हातातून पेन निसटलं. आकडा समोर दिसत होता, पण तो लिहिता येईना आणि सांगताही येईना. मुलाला हाक मारायला गेलात तर तोंडून भलताच शब्द आला. दुखलं मात्र कुठेच नाही. हे तुम्ही ठळक अक्षरांत छापलं होतंत. दुखत नाही म्हणूनच माणूस आडवा होतो, जरा झोपलं की बरं वाटेल म्हणतो, आणि वेळ हातची जाते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एका हातातली किंवा पायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं किंवा समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं, एकाएकी नजर किंवा तोल गेला, यांतलं एक जरी अचानक झालं तरी आधी घड्याळ बघा आणि निघा, असं तुम्ही लिहिलं होतंत.

घड्याळ कशासाठी, तेही समजावलं होतंत. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून देता येतं, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ही मुदत तीन तासांची होती. २००८ च्या युरोपातल्या चाचणीने ती साडेचार तासांवर नेली. मोठी वाहिनी बंद पडली असेल तर गुठळी नळी घालून बाहेर काढता येते आणि निवडक रुग्णांत हे चोवीस तासांपर्यंतही करतात. पण मुदत आहे म्हणून रेंगाळायचं नसतं. मोठी वाहिनी बंद पडल्यावर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. आणि वाहिनी बंद न होता फुटली असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर तेच औषध जिवावर बेततं. म्हणून आधी सीटी स्कॅन. म्हणूनच घरातल्या घरात रक्त पातळ करणारी गोळी द्यायची नाही. पाणीसुद्धा पाजायचं नाही, कारण गिळण्याची ताकद गेलेली असू शकते.

माझ्या मते त्या अंकातल्या दोन सूचना सर्वांत मोलाच्या होत्या. एक, माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. झोपेतून उठल्यावर त्रास दिसला तर झोपी जाण्यापूर्वीची वेळ धरतात. दुसरी, जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्रंदिवस सीटी स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन मिळतं ते आजच विचारून ठेवा. आईने मला त्याच आठवड्यात चौकशी करायला लावली.

वडील आंघोळ करून शर्टाची बटणं लावत होते. डावा हात बटणापर्यंत पोचेना. आईने काय झालं म्हणून विचारलं तर ते काहीतरी बोबडं बोलले आणि हसले. हसू एकाच गालावर उमटलं. शेजारचे धावून आले. कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं थोडं पडू द्या, थकवा असेल. आईने पाण्याचा पेला परत केला. मला गाडी काढायला सांगितली आणि पत्रकाच्याच कोपऱ्यावर वेळ लिहून तो कोपरा फाडून घेतला. दवाखान्यात शिरल्यावर पहिला प्रश्न तोच होता. आईने चिठोरा पुढे केला. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, इंजेक्शन मुदतीत मिळालं. संध्याकाळी वडिलांनी माझं नाव घेतलं, जड जिभेने पण पूर्ण घेतलं.

सगळं पूर्वीसारखं झालंय असं सांगणार नाही, तुम्हालाही ते आवडणार नाही. डाव्या हाताची बोटं सावकाश चालतात, आणि जिना उतरताना ते कठडा धरतात. पण ते स्वतःचे स्वतः जेवतात, पेपर वाचतात आणि आईशी वाद घालतात. तपासणीत त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित निघाले, तुमच्यासारखेच. या दोषात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, तिथली गुठळी सुटून मेंदूकडे जाऊ शकते आणि झटक्याचा धोका साधारण पाचपट होतो, हेही मी आधी तुमच्याच पत्रकात वाचलं होतं. डॉक्टर सांगत होते तेव्हा शब्द ओळखीचे वाटले, त्यामुळे घाबरायला कमी झालं आणि प्रश्न विचारता आले. गोळ्या किती दिवस, कोणती तपासणी कधी, दात काढायचा झाला तर आधी कुणाला सांगायचं. हे प्रश्न मला एरवी सुचले नसते.

तुम्ही दवाखान्यात होतात त्या दिवसांच्या पावसाच्या रकान्यात तुम्ही काय छापलंत ते मला फार लागून राहिलं आहे. तिथे शून्य नव्हतं. शेजारच्या केंद्राचा आकडा उसना घेऊन भरलेलाही नव्हता. ‘नोंद नाही’ एवढंच होतं. पाऊस पडलाच नाही आणि पाऊस मोजला गेला नाही, या दोन गोष्टी तुम्ही कधी एक होऊ दिल्या नाहीत. निवडून आलेल्या माणसाला आपली प्रकृती उत्तम आहे असं दाखवण्याचा मोह किती असेल याची मला कल्पना आहे. आजारी नगरसेविका काय काम करणार, हे तेव्हा उघड बोललं जात होतं. तुम्ही रक्तदाबाचा आकडासुद्धा छापलात, पुढच्या अंकात नवा छापलात, आणि तो वाढलेला होता तरी छापलात. तो आकडा वाचून आमच्या गल्लीतले किती जण रक्तदाब मोजायला गेले हे तुमच्यापर्यंत पोचलं आहे का? मोजून घेणाऱ्यांत १४० च्या वरचे निघाले, त्यांना आधी काही जाणवतही नव्हतं.

तुमच्या छंदाबद्दलही आज बोलायचं आहे. पाऊस मोजणं हे निवृत्तीनंतरचं मन रमवणं आहे असं समजणारे लोक मी पाहिले आहेत. तसं नाही हे आमच्या खालच्या आळीला पुरतं कळलं आहे. पावसाळा आला की मोरीजवळ पाणी तुंबायचं आणि घरांत शिरायचं. कार्यालयाचं उत्तर ठरलेलं असायचं, की वर्षाचा पाऊस सरासरीइतकाच आहे, मोरी पुरेशी आहे. वर्षाचा पाऊस सरासरीइतका असेलही. पण मोरीला वर्षाचा पाऊस गिळायचा नसतो, तिला एका तासाचा गिळायचा असतो. तुम्ही जोराच्या सरीत दर पंधरा मिनिटांनी नळी वाचून तो हिशेब सभेत मांडलात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका हेक्टरवर दहा हजार लिटर. तासाला चाळीस मिलिमीटर पडला तर एका हेक्टरवर चार लाख लिटर, आणि माती सोडून सगळीकडे काँक्रीट झालं असेल तर त्यातलं बहुतेक पाणी मोरीकडेच धावणार. हा हिशेब कुणालाही खोडता आला नाही.

अधिकृत पर्जन्यमापकाचा आकडा वेगळा आहे, ही शेवटची हरकत निघाली. तेव्हा तुम्ही कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचं उदाहरण दिलंत. १९९७ च्या जुलैमध्ये त्या गावाच्या एका भागात अतोनात पाऊस होऊन पूर आला, माणसं गेली, आणि काही किलोमीटरवरच्या भागात त्या मानाने थोडाच पडला होता. त्यातून १९९८ साली घरोघरच्या हौशी लोकांनी पाऊस मोजून नोंदवायची चळवळ तिथे उभी राहिली. ब्रिटनमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १८६० पासून अशाच हौशी लोकांच्या नोंदी गोळा केल्या. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजायचं भांडं ठेवायला सांगितलं आहे, ते महसुलासाठी आणि पेरणीसाठी. मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. इतक्या जुन्या आणि दूरच्या गोष्टी आमच्या मोरीच्या कामाला येतील असं मला वाटलं नव्हतं. ठराव झाला, मोरीला जोड नळ बसला आणि गाळ काढायची तारीख आता दरवर्षी पत्रकात छापून येते. खालच्या आळीतर्फे त्याचेही आभार.

झटक्यानंतर तुम्ही पहिल्यांदा सभेला आलात त्याबद्दल फार जण बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. वाचाघातात बुद्धी जात नाही, शब्दाकडे जायची वाट अडते, हे तुम्ही आधीच्या अंकात लिहिलं होतंत. लोकांना काय करता येईल तेही सांगितलं होतंत. एका वेळी एकानेच बोलावं. हो किंवा नाही म्हणता येईल असे प्रश्न विचारावेत. आवाज चढवू नये, कारण ऐकू व्यवस्थित येतं. आणि मी मागितल्याशिवाय माझं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. सभेत पथदिव्यांचा विषय आला. तुम्ही उभ्या राहिलात आणि ‘पथदिवे’ हा शब्द काही केल्या येईना. सभागृह थांबलं. तुम्ही डाव्या हाताने कागदावर खांब काढला, वर दिवा काढला, तो सगळ्यांना दाखवलात आणि मग पुढचं बोललात. मंजुरी मिळाली. त्या दिवशी आमच्या मागच्या बाकावर एक बाई रडत होत्या. त्यांच्या नवऱ्याचं बोलणं झटक्यात गेलं होतं आणि ते घराबाहेर पडणं टाळत होते. आता ते स्पीच थेरपीला जातात. परवा त्यांनी मला रस्त्यात थांबवून स्वतःचा पत्ता सांगितला. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर सांगितला, आणि मी थांबलो होतो.

माझे वडील पूर्वी पावसाचा रकाना वाचून नुसते टीका करायचे, की आमच्या बाजूला जास्त पडला, ताईंकडे कमी दिसतोय. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना डाव्या हाताला रोज नेमाचं, बारीक काम द्यायला सांगितलं. तेव्हा त्यांनी स्वतःच पर्जन्यमापकाचं नाव काढलं. नरसाळं उचलायचं, नळी धरून डोळ्यांसमोर आणायची, पाणी ओतून द्यायचं, परत बसवायचं. नळीचा छेद नरसाळ्याच्या तोंडाच्या दहावा हिस्सा असतो, त्यामुळे एक मिलिमीटर पाऊस नळीत दहा मिलिमीटर उंच दिसतो आणि चष्मा लावून वाचता येतो, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. पर्जन्यमापक आणला आहे. मी गच्चीवर ठेवू म्हणत होतो, तर त्यांनी तुमचाच जुना अंक काढून दाखवला की गच्चीवर वारा घुमतो, आकडा चुकतो. म्हणून मागच्या अंगणात मोकळ्यावर जागा धरली आहे. कुंपणाची भिंत दोन मीटर उंच आहे आणि आम्ही तिच्यापासून पाच मीटर सोडले आहेत. पण पलीकडचं झाड वाढतं आहे, त्याचं काय करावं ते आम्हाला ठरवता येत नाही.

येत्या रविवारी सकाळी येऊन जागा एकदा बघाल का? तुम्ही हो म्हणालात तर वडिलांना त्यांची नोंद पुढच्या अंकापासून तुमच्या रकान्याशेजारी द्यायची आहे. एखाद्या दिवशी त्यांना जमलं नाही तर काय छापायचं ते त्यांना ठाऊक आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमच्या प्रभागातला एक रहिवासी