पितळी चाकी शोधून देणाऱ्या कबाडीकाकांना

नमस्कार काका,

तुमचं नाव इथं लिहीत नाही आणि गल्लीही सांगत नाही. नागपुरात, इतवारीच्या पलीकडे, एवढंच. सांगितलं तर येत्या रविवारी दहा जण मोबाइल घेऊन तुमच्या दारात उभे राहतील, 'अँटिक आहे का, अँटिक' विचारत, आणि तुम्हाला काट्यापाशी बसायला जागा उरणार नाही. पण आभार चारचौघांत मानावेत असं मला वाटतं, कारण त्या दिवशी तुमच्यासमोर धड बोलता आलं नाही. गळा भरून आला होता. कबाडीच्या दुकानात, लाकूड तासायच्या एका जुन्या रंध्यापायी डोळ्यांत पाणी आणून उभं राहायचं कसं, म्हणून पैसे ठेवले आणि स्कूटी सुरू केली.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी सुतारकाम करते. पोटासाठी नाही, हौस म्हणून. महाल भागातले जुने वाडे पडतात तेव्हा त्यांच्या चौकटी, तुळया, दारं कधी लकडगंजात येतात, कधी पाडणाऱ्या ठेकेदाराकडूनच मिळतात. सागवान असतं, पिढ्यान् पिढ्या छताखाली मुरलेलं. त्यातून मी पाट, पेट्या, लहान स्टुलं करते. अशा लाकडात तुटून आत राहिलेले खिळे असतात. विजेचा रंधा भरधाव फिरवला आणि खिळा आला की पाती गेलीच. हाताच्या रंध्यालाही खिळा बोचतो, पण हाताला लगेच कळतं, माणूस थांबतो, आणि खांडे पडलेलं पातं निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, पाजून पुन्हा उभं राहतं.

म्हणून मला जुने रंधे लागतात. नवे स्वस्तातले घेऊन पाहिले. त्यांचा तळ सपाट नसतो, आणि पात्याचं पाणी इतकं मऊ की सागवानाच्या चार हातांत धार जाते. इंग्लंडातल्या शेफील्डच्या जुन्या पात्याची गोष्ट वेगळी. एकदा नीट पाजलं की दुपार निघते.

तर मी हिंडत असते. मंगळवारी बाजार, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार, जिथं भाजीच्या रांगा संपतात आणि कुणीतरी पोत्यावर जुनं लोखंड मांडून बसलेलं असतं, तिथं माझी गाडी आपोआप हळू होते. मूठ नसलेल्या पटाश्या, दात गेलेल्या करवती, कुणी चाकू करायला घेऊन अर्धवट सोडलेल्या कानशी. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, दिसला तर मी खडू काढते. फरशीच्या सरळ कडेला तो टेकवून एक रेघ मारायची, गुण्या उलटून त्याच ठिकाणाहून दुसरी मारायची; दोन्ही एकावर एक बसल्या तर काटकोन शाबूत. रंधा असेल तर आधी उपडा करून तोंडाचे, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं त्या फटीचे, कोपरे पाहायचे, कारण ओतीव लोखंड पडलं की तिथंच चिरतं. मग बोटाच्या हाडाने वाजवायचा. चिरलेला रंधा भद्द बोलतो. वरच्या गंजाला घाबरायचं नाही, तो रॉकेल आणि काथ्याने निघतो. पण पात्याच्या पाठीवर, धारेजवळ, गंजाने खड्डे पाडले असतील तर ते पातं सोडून द्यायचं.

हे सगळं करताना बाई दिसली की लोकांना गंमत वाटते. 'घरच्या नळाला पाना पाहिजे का?' हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी 'हो, नळालाच' म्हणते आणि ढिगात हात घालते.

गमतीचं काही नाही. राग वेगळ्यांचा येतो. शहरात जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे, एसी लावलेलं. तिथल्या मालकांनी एक देखणा रंधा बफिंगच्या चाकावर धरून आरशासारखा चमकवला होता. तळाच्या कडा गोल, छाप पुसलेले, मुठीवर वार्निशचे थर. म्हटलं, हा आता रंधणार कसा? ते हसून म्हणाले, 'मॅडम, हे शोकेससाठी असतं.' किंमत ऐकून मी पाणीही न पिता बाहेर आले. एकाने मोबाइलवर फोटो पाठवून रंधा विकला. चारही फोटो डाव्या बाजूचे, आणि चीर उजव्या बाजूला. तिसऱ्याने हरवलेल्या सुट्या भागाच्या जागी नवा करून देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि सरळ आट्यांचा तुकडा हातात ठेवला. 'आटे उलटे पाहिजेत' हे मी कागदावर लिहून, चित्र काढून दिलं होतं. त्या कागदात त्याने तो तुकडा गुंडाळून दिला.

मग नवतप्यातली, ऐन उन्हाळ्याच्या कडक नऊ दिवसांतली, ती दुपार. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तुम्ही दुपट्टा डोक्याला बांधून बसला होता, आणि मी न विचारता ढिगाकडे निघाले तर म्हणालात, 'हात सांभाळा ताई, पत्रे हायेत.' दुसरं काही विचारलं नाही. बाई काय करते, कशाला पाहते, नवऱ्याने पाठवलं का, काही नाही.

रंधा कुकरच्या झाकणाखाली होता. गंजाखाली निळा रंग दिसला आणि माझा हात थरथरला. शेफील्डचा 'रेकॉर्ड' छापाचा रंधा, नंबर ०५, चौदा इंची. पात्यावर 'टंगस्टन स्टील' हा छाप अजून वाचता येत होता. तोंड शाबूत, मूठ शाबूत, बाजूला कुण्या जुन्या धन्याने पंचाने ठोकलेली दोन अक्षरं. तुम्ही सांगितलंत की मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपात सुतार असलेल्या एका म्हाताऱ्यांच्या घरचं सामान निघालं, त्यात आला. म्हणजे छोट्या गाडीच्या डब्यांच्या फळ्यांवर फिरलेला रंधा. ती नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली, आणि तिच्या लाकडाला हात लावलेलं हत्यार कुकरच्या झाकणाखाली.

आणि मागची पितळी चाकी नव्हती.

हे दुःख ज्याने रंधा कधी धरला नाही त्याला कळणं कठीण, म्हणून सांगते. लाकडी रंध्यात पातं पाचरीने बसवतात आणि हातोडीने ठोकून खालीवर करतात. लेनर्ड बेली नावाच्या अमेरिकन कारागिराने लोखंडी रंध्यात पात्यामागे एक तरफ आणि एक पितळी चाकी बसवली. पकड न सोडता चाकी बोटाने फिरवायची आणि केसाएवढं पातं पुढे-मागे घ्यायचं. स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. रेकॉर्डवाल्यांनी १९३१ पासून तसेच रंधे काढले आणि स्टॅनलीच्या नंबरामागे फक्त शून्य लावलं. तिकडचा ५, इकडचा ०५. त्या चाकीचे आटे उलटे असतात, म्हणजे उजवीकडे फिरवली की पातं पुढे येतं, हाताला सरळ वाटतं. म्हणूनच नळाच्या दुकानातली कुठलीही चाकी तिथं चालत नाही. ती हरवली की उत्तम रंधा म्हणजे दोन किलोचं लोखंड.

मी 'चाकी नाही' म्हटलं तेव्हा माझा आवाज पडला असणार. तुम्ही पोराकडे वळलात.

'काऊन रे, याची मागची पितळी काढली का तू?'

'हाव. पितळ होतं म्हणून पितळात टाकलं.'

त्याचं काही चुकलं नव्हतं. तुमच्या धंद्यात पितळ लोखंडाला चिकटलेलं ठेवत नाहीत. लोखंड किलोमागे पन्नाशीही गाठत नाही आणि पितळ शेकड्यांत जातं. ते पोतं भरून, शिवून, भिंतीला लावून ठेवलं होतं. मी म्हटलं, 'राहू द्या काका. एवढ्यात कुठं शोधता?'

'थांबा नं जी. याचीच हाय ते. याच्यापाशीच राह्यली पाह्यजे.'

आणि तुम्ही पोत्याची शिवण उसवलीत.

काका, मी आजवर पुष्कळ दुकानदार पाहिले. हजारांचा माल घेणाऱ्यासाठी खुर्ची पुसणारे पाहिले. पण ज्या चाकीत जेमतेम काही रुपयांचं पितळ असेल तिच्यासाठी, नवतप्यात, शिवलेलं पोतं ताडपत्रीवर उपडं करणारं कुणी पाहिलं नव्हतं. नळाच्या तोट्या, स्टोव्हचे बर्नर, कडी-कोयंडे, समईचं बूड, देवळातली चिरलेली घंटा. पितळ इतकं तापलेलं की तुम्ही एकेक तुकडा दुपट्ट्याच्या टोकाने उचलत होता. एक सापडली, लावून पाहिली, जाईना. दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी दोन बोटांनी हलकेच अर्धा फेरा द्यायचा, आणि अडलं की बाजूला. जोर एकदाही केला नाही. माझ्याकडून आगाऊ पैसे घेणारा तो कारागीर हे बघायला हवा होता.

मग पोरगंच म्हणालं, 'बाप्पा, ते उलटं फिरत होतं. मले आधी निघतच नव्हतं.'

तिथून शोध सोपा झाला, उलट्या आट्यांचीच बघायची. घंटेच्या आत पडली होती. तुम्ही ती दुपट्ट्याने पुसली, आट्यांतली माती फुंकून काढली, आणि स्वतः लावायच्या ऐवजी माझ्या तळहातावर ठेवलीत. 'लावा तुम्हीच.'

त्या दोन शब्दांसाठी हे पत्र आहे. रंधा माझ्या हातात देण्याआधी तो पुरा झाला पाहिजे, आणि पुरा करायचा मान तो वापरणाऱ्याचा, हे तुम्ही क्षणात ठरवलंत. तोवर मी कुठल्याही बाजारात 'शौकीन मॅडम' होते. तुमच्या दारात पहिल्यांदा मिस्त्री झाले.

पुढचं तर मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. रंधा काट्यावर ठेवलात. मी म्हटलं, चाकी पितळेची आहे, तिचं वेगळं लावा. पोतं उसवलंत, त्याचेही घ्या. तुम्ही काट्यावरून नजरही न काढता म्हणालात, 'आता ते रंध्याची झाली. रंधा लोखंडाचा हाय.' आणि लोखंडाच्या भावाने शंभराच्या आत पैसे घेतलेत. मी जास्तीची नोट पुढे केली तर ती माझ्याच पिशवीत टाकलीत, वर रागावल्यासारखं पाहिलंत. त्या नजरेची मला अजून थोडी भीती वाटते, म्हणून पैसे पाठवायचा विचार सोडला आहे.

जुन्या वस्तूंचं प्रेम असल्याचं सांगणारे आपल्याकडे फार झाले आहेत. त्यांच्या भिंतींवर बैलगाडीची चाकं टांगलेली असतात, हॉटेलांत जात्यावर काच ठेवून टेबलं करतात. तुम्ही असलं काही बोलत नाही. तुमच्या दारात वस्तू येते ती वितळायलाच येते, आणि तुम्हाला त्याचं वाईटही वाटत नसावं. रोज टनाने येतं, कशाकशाचं वाईट वाटून घ्यायचं? पण जी वस्तू अजून काम करू शकते आणि जिला काम देणारं माणूस समोर उभं आहे, तिचा तुकडा तुम्ही दुसऱ्या पोत्यात राहू दिला नाही. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं असा आपला समज झालाय. तुम्ही गोड काहीच बोलला नाहीत. पाणीही विचारलं नाही, खरं तर. माठ रिकामा होता, मी पाहिला.

रंधा आता चालतो. गंज उतरवायला वेळ गेला, तळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासला, पात्याची पाठ सपाट केली. महालातल्या एका वाड्याच्या चौकटीवर तो पहिल्यांदा चालवला तेव्हा निघालेल्या छिलक्यातून बोट दिसत होतं. बाजूची दोन अक्षरं मी घासली नाहीत, ती ज्यांची आहेत त्यांचीच राहोत.

राहिलं एक. त्या दिवशी पोराला तुम्ही थोडं बोललात, 'विचारून काढत जा' म्हणून. त्याचेही आभार पोचवा. घरी भिंगाखाली पाहिलं, चाकीवर पान्याचा किंवा छिन्नीचा एक ओरखडा नाही. उलट्या आट्यांची चाकी, ज्याला ते माहीत नाही तो सरळ हातोडी मारतो आणि आटे घालवतो. त्याने अडलेली चाकी उलटसुलट फिरवून, हाताने काढली. कबाडात जाणारी होती तरी. त्याला लाकडात गोडी असेल आणि तुमची हरकत नसेल, तर रविवारी सकाळी माझ्या अंगणात पाठवा. धार पाजायला शिकवते. येताना स्वयंपाकघराची बोथट सुरी घेऊन यायला सांगा, तिथूनच सुरुवात करू.

तुमची,
रंधा नेणारी ताई