ईस्टरच्या आठवड्यातील रोम–फ्लॉरेन्स सहलीच्या सदोष आखणीबाबत तक्रार व परताव्याची मागणी

दि. १२ एप्रिल २०२४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

माझी आई, आम्ही उभयता आणि दोन मुले अशा पाच जणांनी २८ मार्च ते ४ एप्रिल २०२४ या काळात आपल्या कंपनीमार्फत रोम आणि फ्लॉरेन्सची सहल केली. परतल्यावर दूरध्वनीवरून तक्रार केली तेव्हा ‘सणाच्या दिवसांत गर्दी असणारच’ एवढेच उत्तर मिळाले. माझी तक्रार गर्दीबद्दल मुळीच नाही. ईस्टरला रोम माणसांनी फुललेले असते हे ठाऊक होते, आणि म्हणूनच आखणी स्वतः न करता चार महिने आधी आपल्यावर सोपवली होती. ती करताना त्या आठवड्याचे कॅलेंडर कोणी उघडलेच नाही, अशी माझी तक्रार आहे.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत रविवार, ३१ मार्च रोजी सकाळी सेंट पीटर्स चौकात ईस्टरची मिस्सा (ख्रिस्ती सामुदायिक उपासना) आणि दुपारी एक वाजता व्हॅटिकन म्युझियम्स असे लिहिले होते, व पुढे ‘महिन्याचा शेवटचा रविवार, प्रवेश मोफत’ अशी टीपही होती. शेवटच्या रविवारी म्युझियम्स मोफत खुली असतात हे खरे. परंतु तो रविवार ईस्टरचा असेल तर ती बंद असतात, हा त्याच नियमाचा भाग आहे. मार्च विषुवानंतरच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्यानंतरच्या, पहिल्या पौर्णिमेपुढील रविवार म्हणजे ईस्टर. यंदा पौर्णिमा २५ मार्चला होती, तेव्हा ३१ तारखेला काय आहे हे कळायला फार संशोधनाची गरज नव्हती. मिस्सेचा उल्लेख तर आपणच वरच्या ओळीत केला होता. शिवाय मोफत रविवारी शेवटचा प्रवेश साडेबारालाच मिळतो, त्यामुळे साधा रविवार असता तरी एक वाजता आम्ही बाहेरच राहिलो असतो. चौकातून व्हॅटिकनच्या भिंतीकडेने चालत आम्ही प्रवेशद्वारापाशी पोहोचलो तेव्हा दार बंद होते. आई आपली घडीची काठी उलगडून तिच्या छोट्या बैठकीवर टेकली आणि मी ते ‘मोफत प्रवेश’ लिहिलेले व्हाउचर हातात धरून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी, ईस्टर सोमवारीही म्युझियम्स बंदच होती. या म्युझियम्समधूनच पाहता येणाऱ्या सिस्टिन चॅपेलसाठीच इतक्या लांब आलेल्या आईला ते न पाहताच परतावे लागले.

या दिवसाच्या बिलात मिस्सेच्या प्रवेशपत्रांपोटी प्रत्येकी ३० यूरो आणि म्युझियममधील मार्गदर्शकापोटी प्रत्येकी ६५ यूरो आकारले आहेत. मिस्सेची प्रवेशपत्रे व्हॅटिकनकडून पूर्णपणे मोफत दिली जातात. मग हे ३० यूरो कशाचे, याचा खुलासा लेखी द्यावा.

फ्लॉरेन्सबाबत जे घडले ते मला याहून गंभीर वाटते. आपल्या ‘ईस्टर विशेष’ माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तेथील ‘स्कोप्पिओ देल कारो’चे, म्हणजे पांढऱ्या बैलांनी ओढून आणलेल्या आणि फटाक्यांनी भरलेल्या उंच रथाचे छायाचित्र आहे. कॅथीड्रलच्या वेदीपासून कबुतराच्या आकाराचा बाण तारेवरून सुटतो आणि दाराबाहेरचा रथ पेटवतो; धाकट्या मुलाने हे वाचून सहलीच्या दिवसांची बोटे मोजायला सुरुवात केली होती. हा सोहळा ईस्टरच्या रविवारी सकाळीच होतो. त्या सकाळी आपण आम्हाला रोममध्ये ठेवले होते आणि फ्लॉरेन्सला नेले सोमवारी. छायाचित्र मुखपृष्ठावर आणि मुक्काम दुसऱ्या शहरात, याला मी चूक म्हणावे की दिशाभूल, हे आपणच ठरवावे.

गुड फ्रायडेच्या संध्याकाळी ‘कोलोसियम परिसरात निवांत फेरी’ होती. त्या रात्री तेथे क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीच्या स्मरणाची, प्रार्थना असते व त्यासाठी रस्ते बंद केले जातात, त्यामुळे अडथळ्यांच्या अलीकडूनच परतावे लागले. आधी सांगितले असते तर जागा धरून तीच प्रार्थना आम्ही आनंदाने पाहिली असती.

सोमवारच्या प्रवासासाठी सुमारे दीड तासाची, राखीव आसनांची जलद गाडी कबूल केली होती. प्रत्यक्षात हाती पडली ती प्रादेशिक गाडीची तिकिटे. तिला दुपटीहून अधिक वेळ लागतो आणि तिच्यात आसन राखीव नसते. सुट्टीसाठी बाहेर पडलेल्या इटालियन कुटुंबांनी डबा भरला होता. एका तरुणीने उठून आईला जागा दिली, म्हणून तिला तरी बसता आले.

सबब माझ्या मागण्या अशा: प्रवेशपत्रांचे १५० यूरो व मार्गदर्शकाचे ३२५ यूरो असे एकूण ४७५ यूरो, तसेच दोन्ही गाड्यांच्या भाड्यातील फरक, हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परत करावे, आणि फ्लॉरेन्सच्या छायाचित्राबाबत लेखी स्पष्टीकरण द्यावे. पुढील सहलीवर सवलत देऊ केल्यास ती मला मान्य होणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तक्रारीसाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत असली तरी तेवढा काळ थांबण्याचा माझा विचार नाही.

सोबत कार्यक्रमपत्रिका, व्हाउचर, बिल, रेल्वे तिकिटे आणि माहितीपत्रकाचे मुखपृष्ठ यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपला,
(सही)