शून्य आणि तुटलेली तार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात सातवीत शिकते. गेल्या आठवड्यात तिची संगणकाची चाचणी होती. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजो, प्रश्न विचार बघू." पहिलाच प्रश्न होता संगणकाच्या दैनंदिन उपयोगांचा. तिने घडाघडा म्हणून दाखवलं: शाळेत हजेरी आणि निकाल, कार्यालयात पत्रं आणि हिशेब, घरी करमणूक आणि बिलं भरणं, इस्पितळात रुग्णांच्या नोंदी. शेवटी एकच ओळ होती, 'नियंत्रण यंत्रणांमध्येही संगणक वापरतात.' मी विचारलं, "म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "ते शिकवलं नाही. तेवढंच लिहायचं."

त्या एका ओळीत माझी ३१ वर्षं गेली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. १९८६ मध्ये कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे टाकीची पातळी आणि वाफेचा दाब हवेवर कळायचा. बारीक नळ्यांतून दाबाखालची हवा खेळायची. पीएसआय हे दाबाचं माप. ३ पीएसआय म्हणजे सर्वांत कमी, १५ पीएसआय म्हणजे सर्वांत जास्त. पुढे हवेची जागा विजेने घेतली आणि मग पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा संगणक, आला. हा संगणक लोखंडी कपाटात बसतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. मोटारींच्या कारखान्यांतली रिले (विजेवर उघडझाप करणारे स्विच) आणि तारांनी गच्च भरलेली कपाटं हटवण्यासाठी १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तो तयार झाला. आता दुधाच्या प्रकल्पापासून लिफ्टपर्यंत अशी कामं असेच संगणक सांभाळतात. आपल्या घरातलं कपडे धुण्याचं यंत्र आणि इन्व्हर्टर यांतही बोटाच्या पेराएवढा संगणक असतो. मुलांना वाटतं, पडदा असेल तोच संगणक. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना तोच दाखवला जातो.

नातीला त्या रात्री मी एक गोष्ट समजावून सांगितली. ती जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

टाकीतली पातळी मोजणारं उपकरण संगणकाला दोन तारांवरून वीज पाठवतं. ती मिलिअँपिअरमध्ये मोजतात. टाकी काठोकाठ भरली असेल तर २० मिलिअँपिअर, अर्धी असेल तर १२. आणि पूर्ण रिकामी असेल तर ४. नात लगेच म्हणाली, "रिकाम्या टाकीला शून्य का नाही?" उमेदवारीत मीही हेच विचारलं होतं. उत्तर असं की, तार तुटली तरी शून्यच येणार. मग टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे, हे संगणकाने ओळखायचं कसं? म्हणून रिकामेपणालाही ४ मिलिअँपिअरचा आवाज दिला. ४ आले तर टाकी रिकामी आहे, हे त्याला खात्रीने कळतं. ४च्या बरंच खाली गेलं तर त्याने टाकीबद्दल काहीही गृहीत धरायचं नाही, पंप थांबवायचा, भोंगा वाजवायचा आणि माणसाला बोलवायचं. हवेच्या काळात ३ पीएसआयपासून सुरुवात होती ती याचसाठी. नळी फुटली की काटा ३च्या खाली जायचा आणि आम्ही धावायचो.

याच्या उलट काय होतं ते मी सावईवेऱ्याला माझ्याच घरी पाहिलं. कुळागरातल्या विहिरीवर मी पंपासाठी बाजारातला एक स्वस्त स्वयंचलित डबा बसवला होता. टाकी रिकामी झाली की पंप सुरू, भरली की बंद. त्या डब्याला ४चा आवाज ठाऊक नव्हता. संकेत नाही म्हणजे टाकी रिकामी, एवढंच त्याला कळायचं. एका मे महिन्यात माडाच्या बुंध्याजवळून जाणारी तार उंदराने कुरतडली. रात्री कधीतरी पंप सुरू झाला. टाकी भरून पाणी पोफळींच्या आळ्यांतून वाहत खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात गेलं. पहाटे उठलो तर विहिरीचा तळ दिसत होता, पंप कोरडा फिरत होता आणि मोटरीला जळका वास येत होता. घरातले म्हणाले, संगणक बिघडला. तो बिघडला नव्हता. गप्प तारेला त्याने उत्तर समजलं, कारण तसं समजायला त्याला माणसानेच शिकवलं होतं. मोटरीची जळलेली तार नव्याने गुंडाळून आणायला आठ दिवस लागले आणि तेवढे दिवस आम्ही शेजारच्या विहिरीवरून कळशीने पाणी भरलं.

पंपाची मोटर गुंडाळून मिळते. माणसाच्या बाबतीत हीच चूक झाली तर काय होतं, ते आता सांगतो.

आमच्या वाड्यावर एक सत्तरी ओलांडलेली बाई एकटी राहते. २८ वर्षं तिने काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. तिच्या अंगठ्याकडे मी नीट पाहिलं आहे. घासून गुळगुळीत झालेल्या पाटावरवंट्यासारखा तो आहे, रेषा अशी नाहीच. तिला दरमहा थोडी मदत मिळते आणि त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. ती गेली, यंत्रावर अंगठा ठेवला, जुळला नाही. पुन्हा ठेवला, पुसून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. "सिस्टीम घेत नाही, नंतर या," असं सांगून तिला परत पाठवलं. त्यानंतर चार महिने पैसे आले नाहीत. चौकशी केली तेव्हा खिडकीवरून उत्तर मिळालं, दाखल्याची नोंद नाही म्हणून रक्कम थांबली. म्हणजे ज्या बाईने चारदा समोर उभं राहून अंगठा दिला, ती त्या संगणकाच्या लेखी आलीच नव्हती. अंगठा न जुळणं आणि माणूस नसणं, दोन्हींसाठी तिथे एकच रिकामा रकाना होता. कागदी दाखल्यावर सही-शिक्का घेण्यासाठी मी तिला स्कूटरवर बसवून दोन खेपा केल्या, तेव्हा कुठे काम झालं. त्या चार महिन्यांत तिने रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेतल्या. हे तिने मला नंतर सांगितलं, तेही सहज, तक्रार म्हणून नाही. मला मात्र अजून राग येतो.

शाळेचंही तसंच. नातीच्या मैत्रिणीच्या आईला एकदा भर दुपारी मुलगी गैरहजर असल्याचा संदेश आला. ती काम टाकून धापा टाकत शाळेत पोचली, तर मुलगी वर्गात बसलेली. त्या दिवशी रेंज नव्हती, हजेरी वर चढलीच नव्हती.

केंद्र सरकारच्या 'जीवन प्रमाण' या पेन्शनरांसाठीच्या सेवेत २०१४ पासून अंगठ्यावर हयातीचा दाखला देता येतो. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येऊ लागला. हे फार चांगलं झालं. कारखान्यातही जिथे जिवाला धोका, तिथे एका उपकरणावर आम्ही कधी विसंबलो नाही. बॉयलरमधलं पाणी कमी झालंय का, ते पाहायला एकाहून जास्त साधनं असायची, आणि त्याशिवाय काचेची नळी माणूस डोळ्यांनी पाहायचा. माझी मागणी एवढीच आहे की जिथे जिथे माणसाची नोंद अंगठ्यावर होते, तिथे 'अंगठा जुळला नाही' अशी वेगळी नोंद व्हावी, ती पुसली जाऊ नये, आणि त्या यादीतल्या माणसाचे पैसे थांबवण्याआधी कुणीतरी त्याच्या दारात जावं. पंचायतीत वाड्यावाड्याचे पंच आहेत, त्यांना प्रत्येक घर ठाऊक असतं. यासाठी नवीन यंत्र घ्यावं लागत नाही.

दुसरी मागणी शाळांसाठी. सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची 'केअर्स' योजना गोव्यात सुरू झाली, तिचं मला मनापासून कौतुक आहे. नात कोडिंग करून पडद्यावर मांजर चालवते तेव्हा मी शेजारी बसून पाहतो. पण फोंड्याच्या मुलांना खांडेपार नदीवरचा ओपा जलशुद्धीकरण प्रकल्प जवळ आहे. आपल्या नळाला येणारं पाणी तुरटीने कसं निवळतं, कसं गाळलं जातं, क्लोरीन किती आणि कशावरून सोडतात, हे वर्षातून एकदा तरी त्यांना तिथे उभं करून दाखवावं. वहीतली ती शेवटची ओळ तिथे समजेल.

माझ्याकडे पातळी मोजणारं एक जुनं उपकरण, २४ व्होल्टचा पुरवठा आणि काट्याचा मिलिअँपिअर मीटर आहे. निवृत्तीच्या वेळी कारखान्याने भंगारातून मला दिलं. फोंडा तालुक्यातल्या कुठल्याही शाळेने कळवलं तर मी स्वखर्चाने येईन. मुलांनीच पिंपात पाणी ओतायचं, काटा ४वरून वर चढताना पाहायचा, आणि मग एकाने तार ओढून काढायची. पिंप आणि पाणी तेवढं शाळेने द्यावं.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन
सावईवेरे, फोंडा